पोवळ्यांसाठी साड्या

द्वारका, नाशिक
रविवार, ५ मे

आधी ललिता आली. ती खालच्याच मजल्यावर राहते, त्यामुळे कुठल्याही कामात पहिला नंबर तिचाच. बेल वाजवायची तिला सवय नाही. जिन्यातूनच ओरडली, "आजी, दार उघडा, माझे हात भरलेत!" पिशवी फुगलेली, आणि सगळ्यात वर तिच्या सासूची नऊवारी, सासूला न विचारता उचललेली. मी म्हटलं, अगं, त्यांना कळलं तर? तर म्हणते, "समुद्रात गेल्यावर कोण बघायला जातंय!" तिच्या मागोमाग वरची अंजली आली, मग समोरच्या बिल्डिंगमधल्या बायका आल्या. निकू, किती दिवसांनी माझ्या दारात चपला ठेवायला जागा उरली नाही. पन्हं केलं होतं. ग्लास संपले तेव्हा वाट्यांतून दिलं. वाटीतून पन्हं प्यायला बायकांना फार मजा वाटली. मलाही.

आता तू विचारशील, आजी, साड्या कशाला? ते सांगायलाच तर बसले आहे. फोनवर मला सांगता येत नाही. तुझ्या बेटावर रेंज येते तेव्हा तुझा बाप घरात असतो, आणि तो शेजारी बसला की मी "बरी आहे, बरी आहे" एवढंच म्हणत राहते. कागदावर कसं, मधे कोणी खोकत नाही. चौथीपर्यंतच गेले शाळेत, तरी अक्षर बरं आहे की नाही माझं?

तर तू ललिताच्या मोबाइलवर ते फोटो पाठवलेस. एकात पोवळी जांभळी, पिवळी, मेंदीसारखी हिरवी, आणि दुसऱ्यात तीच सगळी पांढरी. मला वाटलं कोणी चुन्याची फक्की मारली. मग तुझा आवाज ऐकला. ललितानं तो परत परत लावून दिला, तेव्हा जरा डोक्यात शिरलं. पोवळं म्हणजे दगड नव्हे, झाडही नव्हे. बारीक बारीक जिवांची वसाहत ती. आणि त्यांच्या अंगात शेवाळ राहतं, भाडेकरूसारखं. शेवाळ उन्हावर स्वयंपाक करतं, घरमालकाला जेवू घालतं. घरमालक त्याला जागा देतो. रंगसुद्धा बराचसा त्या शेवाळाचाच. समुद्र तापला आणि निवलाच नाही, की या दोघांचं बिनसतं, शेवाळ बाहेर पडतं आणि पोवळं पांढरं होतं. "आजी, पांढरं म्हणजे मेलेलं नाही, उपाशी आहे," असं तू म्हणालीस. लवकर पाणी निवलं तर परत भरतं, नाही निवलं तर मरतं, असंही म्हणालीस. रात्री मला झोप लागेना. एवढे जीव उपाशी, आणि माझी पोर पाण्यात उतरून नुसती त्यांच्याकडे बघते आहे!

पहाटे एकदम नामपूरची बाग आठवली. वैशाखात डाळिंबाला पश्चिमेचं ऊन लागलं की फळावर काळा चट्टा पडतो. तुझे आजोबा बाजारातून जुन्या साड्यांचे गठ्ठे आणायचे आणि ओळींवरून अंथरायचे. सगळं वावर लग्नाच्या मांडवासारखं दिसायचं. तुझा बाप सोमनाथ कंपनीतून सुट्टी काढून यायचा बांधायला. तू एवढीशी होतीस, साड्यांखालून पळायचीस. एका ओळीत तुझं तोंड लाल, पुढच्या ओळीत निळं. तिकडची म्हातारी गंगाआत्या तुला बघून तिच्या अहिराणीत म्हणायची, "काय रंगीत पोर शे!" आठवतं?

मग मी म्हटलं, डाळिंबाला सावली चालते तर पोवळ्याला का नाही? आणि ललिताला सांगितलं. आता साड्यांचा ढीग दिवाणाच्या वर गेला आहे. धुऊन, वाळवून पार्सल करते.

एक मात्र तू सांगितलं नाहीस. शेवाळ आपण होऊन जातं, की पोवळंच त्याला हाकलतं? ललिता म्हणते, काय फरक पडतो? फरक कसा पडत नाही! दोन वर्षं मी तेच ऐकते आहे. सोमनाथ म्हणतो, "ती गेली." तू म्हणतेस, "पप्पांनी काढलं." तू बुद्धभूषणशीच लग्न करीन म्हणालीस, सोमनाथ जातीवर गेला, म्हणाला त्या घरात जायचं तर या घरात यायचं नाही. तू बॅग उचललीस. मी तुमच्या दोघांच्या मधोमध उभी होते, हातात पोळ्यांची परात घेऊन. सगळ्यात जवळ मीच होते. तरी मला अजून सांगता येत नाही, आधी काय झालं ते.

सोमनाथ ठीक आहे. सकाळी सिन्नरला जातो, रात्री येतो. आता रविवारीही ओव्हरटाइम घेतो. काम एवढं आहे का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "घरी बसून काय करू?" तू गेल्यापासून एकही रविवार तो घरी राहिला नाही. बोटात मात्र पोवळ्याची अंगठी आहे अजून. मंगळ कडक आहे, राग शांत राहील म्हणून जोशीबुवांनी सांगितली होती, ती. राग काही गेला नाही, बोट तेवढं जाड झालं.

पन्ह्याची कैरी नामपूरहूनच आली होती. तुझ्या वाटणीचं बरणीत ठेवलं आहे.

तुझी आजी


मंगळवार, २१ मे

निकू,

तुझा निरोप ऐकला. "आजी, साड्या पाठवू नकोस." एवढं रागावून बोलायचं काही कारण होतं का? ललिताचं तोंड तर एवढंसं झालं. ती काल मतदानाला गेली ती चिडलेलीच, बोटाची शाई दाखवत सगळ्यांना सांगत होती, "आमच्या साड्या समुद्राला चालत नाहीत म्हणे!"

पण मी समजले. कासवं त्यात अडकतील, मासे अडकतील. नायलॉनची साडी शंभर वर्षं कुजत नाही. आणि तुझी पोवळी एका वावरात मावणारी नाहीत, द्वारकेपासून सिन्नरच्या पुढे जातील एवढी लांबवर आहेत, एवढा मांडव कोण घालणार? बरोबर आहे. डाळिंब आपल्या बांधात असतं, समुद्राला बांध नाही. हे मला आधी सुचायला हवं होतं. पण हसू नकोस. मी साड्या जमवल्या म्हणून माझ्याकडे माणसं आली. साड्या नकोत म्हटल्यावर आता कोणी येत नाही. एकटी ललिता तेवढी येते.

तिनं तुला काही सांगितलं असेल तर ते अर्धं खोटं समज. मी गच्चीवर साड्या वाळत घालायला गेले होते. बायकांकडून आणलेल्या वस्तू, घाण कशा पाठवायच्या? गच्चीवर जरा बसले. बसले ती जरा जास्त वेळ बसले. डोळ्यापुढे सगळं पांढरं झालं, आणि मला तेवढ्यातही हसू आलं की बघा, मी पण पोवळं झाले. मग ललिता, मग तिचा नवरा, मग रिक्षा. डॉक्टर चांगला होता, तरुण होता, मला "मावशी" म्हणत होता. सलाइन लावली ती ताकद यावी म्हणून. तशी ती आजकाल सगळ्यांनाच लावतात. आता घरी आहे. पाण्यात पुडी घालून पिते, संत्र्याच्या वासाची, चव मात्र मिठाची. तू माझ्यासाठी यायचं नाहीस. तुझी पोवळी जास्त आजारी आहेत.

सोमनाथ त्या दिवशी कंपनीच्या गाडीनं दुपारीच आला. खाटेपाशी स्टुलावर बसला, बराच वेळ. मग विचारलं, "साड्या कशाला वाळवत होतीस?" मी म्हटलं, निकूच्या पोवळ्यांना. आता ओरडेल असं वाटलं मला. ओरडला नाही. अंगठी फिरवत बसला. मग म्हणाला, "किती तापलंय तिकडचं पाणी?" मी म्हटलं, मला आकडा कळत नाही रे, पण पोवळ्याला थोडंसं वाढलं तरी ताप येतो म्हणे, माणसासारखा. मग तो काय म्हणाला ऐक. म्हणाला, "एवढ्या तापलेल्या पाण्यात ती उतरते का अजून?"

दोन वर्षांत त्यानं तुझ्याबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न, निकू. मी पटकन हो म्हणून टाकलं. म्हटलं, रोज उतरते. त्यावर तो उठला. नर्सला पंखा वाढवायला सांगितला.

तुझ्या निरोपातलं एक मला फार आवडलं. शेवाळ गेल्यावर काही पोवळी रात्री बारीक बारीक हात बाहेर काढतात, आणि पाण्यातून वाहत येईल ते किडूकमिडूक धरून खातात. तेवढ्यावर तग धरतात. मी ललिताला म्हटलं, तू वर पाठवतेस ती आमटी म्हणजे तेच. ती म्हणाली, "आजी, माझ्या आमटीला किडूकमिडूक म्हणता?" दोन दिवस आमटी आली नाही.

दुपार फार मोठी असते गं या दिवसांत. कूलर आवाज करतो ते बरं, घरात कोणीतरी आहे असं वाटतं.

माझा प्रश्न राहिलाच. कोण कुणाला सोडतं?

आजी


रविवार, ९ जून

निकू, निकू, निकू,

काल संध्याकाळी काय झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मला लिहायचं आहे. ललिता आत्ता मोबाइल घेऊनच बसली असेल. तिच्यावर विश्वास ठेवू नकोस, ती तिथे अर्ध्यातून आली.

काल सोमनाथ लवकर घरी आला होता. मी आजारी पडल्यापासून शनिवारी येतो. बेल वाजली. मी दार उघडलं तर एक बाई उभ्या, पांढरी साडी, निळा काठ, चष्मा, आणि मागे एक उंच मुलगा, उन्हानं करपलेला, केस पार पिवळट झालेले. बाई म्हणाल्या, "जय भीम, आजी. मी सुमनबाई, नाशिकरोडहून आले. हा माझा बुद्धभूषण, निकिताबरोबर बेटावरच काम करतो. निकितानं तुमची तब्येत बघून यायला सांगितलं आहे." मी गडबडीत राम राम म्हणाले. त्या हसल्या, मीही हसले. मागे सोमनाथ खुर्चीतून उठून उभा राहिला होता. या म्हणत नव्हता आणि जा पण म्हणत नव्हता.

मी म्हटलं, बसा. त्या बसल्या. मुलगा उभाच. पंखा गरगरत होता. सुमनबाईंनी पदरानं मान पुसली आणि सोमनाथकडे बघून म्हणाल्या, "पाणी मिळेल का, की मी माझी बाटली काढू?"

निकू, मी मान खाली घातली. एवढं साधं वाक्य, पण घरात कोणीतरी ताट आपटल्यासारखं वाटलं. सोमनाथचा चेहरा उतरला. मी उठायला लागले तर मला हातानं थांबवलं, स्वतः आत गेला आणि माठातलं पाणी घेऊन आला. तांब्या, दोन पेले. सुमनबाई सगळं प्याल्या. पेला परत देताना म्हणाल्या, "गार आहे. वाळा घालता का?" मी म्हटलं, घालते. तिथून आम्ही दोघी वाळ्यावर घसरलो, मग माठावर, मग गुडघ्यांवर. बायका एकदा गुडघ्यांवर आल्या की अडत नाही.

पुरुषांचं मात्र अडलेलंच होतं. शेवटी सोमनाथनं हात पुढे केला. मला वाटलं, शेकहँड. पण तो बोटातली अंगठी दाखवत होता. म्हणाला, "हे त्यातलंच का?"

तुझा बुद्धभूषण जवळ गेला, अंगठी नीट बघितली. म्हणाला, "नाही काका. हे लाल पोवळं खोल, गार पाण्यातलं. ते समुद्रात खडकासारख्या भिंती बांधत नाही, आणि त्याच्या पोटात शेवाळही नसतं. आमची उथळ पाण्यातली, उन्हातली."

"म्हणजे याला उन्हाचा त्रास नाही."

"यालाही पाणी तापलं की होतोच. लपून बसायला जागा कुठं आहे कुणाला?"

सोमनाथनं हात मागे घेतला. पण आता बोलणं सुरू झालं होतं. मग मी माझं घोडं दामटलं. म्हटलं, बाबा, तू तरी सांग, शेवाळ जातं की पोवळं हाकलतं?

तो हसला नाही. खाली सतरंजीवर बसला. म्हणाला, "आजी, खरं सांगू का, यावर अजून अभ्यास चालूच आहे. ऊन आणि उष्णता फार झाली की शेवाळाचं काम बिघडतं. अन्न करता करता त्यातून विषासारखं काही तयार व्हायला लागतं. ते पोवळ्याला सोसत नाही. पोवळं त्याला बाहेर टाकतं. पण काही वेळा त्याच्याही आधीपासून दोघांतली देवाणघेवाण तुटलेली असते, बाहेरून दिसत नाही एवढंच. दोष एकाचा असा काढता येत नाही. तापलेलं पाणी असतं."

सोमनाथ खिडकीकडे बघत होता. पण ऐकत होता. त्याचे कान मला लहानपणापासून माहीत आहेत.

"आणि सगळंच जात नाही," मुलगा म्हणाला. "पांढरं दिसलं तरी आत थोडं शेवाळ उरलेलं असतं. पाणी वेळेत निवलं तर तेच वाढतं. काही पोवळी बाहेरून दुसरं, जास्त उष्णता सोसणारं शेवाळही घेतात. आता ढग आलेत, पाणी उतरायला लागलं आहे. काहींवर बदामी रंग चढतो आहे."

मी विचारलं, किती वाचली? तेव्हा त्यानं बोटांवर मोजायला घेतलं. म्हणाला, फांद्यांची आणि ताटासारखी पसरलेली बरीच मेली, त्यांच्यावर आता नुसती बुरशीसारखी लव वाढली आहे. ढेपेसारखी गोल होती ती जास्त टिकली. आणि आतल्या उथळ पाण्यातली काही, जिथे रोज दुपारी तसंही तापतं, त्यांना सवय होती म्हणून तगली. "पण दर दोन वर्षांनी असं तापलं तर त्यांनाही सावरायला वेळ मिळणार नाही, आजी." एक जागा दाखवताना निकिता पाण्यात रडली, असंही म्हणाला. चष्म्यात पाणी भरलं म्हणून तिला वर यावं लागलं. हे तू मला सांगितलं नव्हतंस.

तेवढ्यात ललिता आली. मग काय, साड्यांचा विषय निघणारच. तिनं ठणकावून विचारलं, "एवढ्या साड्या जमवल्या, त्यांचं आता काय करायचं?" तर बुद्धभूषण म्हणाला, समुद्रात नाही, पण किनाऱ्यावर आमच्या सिमेंटच्या टाक्या आहेत. जगलेल्या पोवळ्यांचे तुकडे त्यात वाढवायला ठेवतो. पुढच्या उन्हाळ्यात त्यांच्यावर सावली लागेल. सुती असतील त्या द्या. झालं! दिवाणावरचा ढीग खाली आला. तो एकेक साडी बोटांत चोळून बघत होता. ललिताची जॉर्जेट परत, अंजलीची शिफॉन परत, सासूची नऊवारी पास. ललिता म्हणाली, "म्हणजे सासूच जिंकली." सुमनबाई एवढ्या हसल्या की त्यांचा चष्मा पडला.

आणि मग सोमनाथ बोलायला लागला. म्हणाला, "ताणून बांधू नका. समुद्रावर वारा असेल. कापड ताणलं की वारा धरतं आणि काठापासून फाटत जातं. ढील ठेवायची, पोट पडू द्यायचं. आणि गाठ सुटणारी मारायची." उठून त्यानं दाराच्या कडीला एक साडी बांधून दाखवली, तुझ्या आजोबांची गाठ. मुलानं ती सोडली, परत मारली. चुकली. सोमनाथनं त्याचा हात धरून मारून घेतली.

मग तो आत गेला. मला वाटलं, आता बास झालं त्याचं, कपाट उघडण्याचा आवाज आला तेव्हाही काही ध्यानात आलं नाही. बाहेर आला तर हातात तुझ्या आईची साडी. ती जांभळी, बारीक चौकड्यांची, तिला शेवटचं दवाखान्यात नेलं त्या दिवशी नेसली होती ती. एवढ्या वर्षांत त्यानं ती मलाही धुऊ दिली नाही. बुद्धभूषणपुढे धरली आणि म्हणाला, "ही पण सुती आहे."

ललितानंसुद्धा हातातली जॉर्जेट खाली ठेवली, म्हणजे बघ.

मुलाला काय कळलं, कसं कळलं, मला माहीत नाही. तू त्याला सांगितलं असशील. त्यानं ती दोन्ही हातांत घेतली, पण ढिगावर ठेवली नाही. म्हणाला, "काका, ही खाऱ्या हवेत दोन महिन्यांत जाईल. ही मी निकितालाच देतो."

सोमनाथनं हात पुढे करून साडी परत घेतली. मला वाटलं, संपलं. पण तो तिची घडी मोडलेली नीट करत होता. घडीकडेच बघत म्हणाला, "तुम्ही कशाला नेता? ती इथं येऊन घेईल."

एवढंच. पण सुमनबाई फार हुशार बाई आहे, निकू. तिनं ते वाक्य खाली पडू दिलं नाही. लगेच म्हणाली, "तिच्या टाक्यांचं काम आवरलं की ती पुढच्या जहाजानं निघते. इकडं पोचायला वीस-एकवीस तारीख होईल. मग कधी घेऊन येऊ?"

सोमनाथ म्हणाला, "रविवारी या. रविवारी मी घरीच असतो."

मी पदर तोंडात धरला.

जाताना सुमनबाईंनी माझा हात हातात घेतला, आणि जिन्यात दोनदा वळून सांगितलं, तेवीस तारखेला, रविवारी, येतो आम्ही तिला घेऊन.